दिसलं, बेन!

मायक्रोस्कोपला डोळा लागायच्या आधीच तिच्या तोंडून निघायचं, "दिसलं, बेन!" त्यामुळे पांडेसऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये तिचं नावच 'दिसलंताई' पडलं. घर लिंबायतला, आईवडील खानदेशातले, पण ती इथल्या गुजरातीत वाढलेली, म्हणून मला ताईऐवजी 'बेन' म्हणायची; वडील कापडाच्या लूमवर. लॅबचा कोर्स नुकताच केलेली. तिला रक्तातले मलेरियाचे जंतू ओळखायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी रोज चिडून घरी जाऊ लागले.

"लाल पेशीच्या आत बारीक निळी अंगठी, तिला लाल खडा. पेशीच्या आत हवी, वर नाही," मी सांगायची. ती मान डोलवायची आणि स्लाइडवर साचलेला रंग दाखवायची. नाहीतर प्लेटलेट. एकदा तर भिंगावरची धूळ. मी ती पुसली, तर म्हणाली, "व माय, गेला की मलेरिया!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मी फार बोलले, तेव्हा ती दुसऱ्या टोकाला गेली. तिला काहीच दिसेना. बमरोलीच्या एका लहान मुलीचा रिपोर्ट तिने मला न विचारता 'निगेटिव्ह' देऊन टाकला. जेवून आल्यावर मी स्लाइड पाहिली. पेशीपेशीत अंगठ्या. मलेरियातला सगळ्यात घातक प्रकार. मुलीच्या वडिलांना फोन लावला, तर बंद.

"तुझ्या हातून हे काम होणार नाही!" मी ओरडलेच.

ती रडली नाही. "त्या मुलीचे पप्पा कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये आहेत, बोलता बोलता सांगत होते," म्हणाली आणि रिक्षा पकडून गेली. मिलच्या गेटवर विचारलं, तिथून बमरोलीची खोली शोधली. संध्याकाळी तिचा फोन आला, "बेन, ॲडमिट केली. आई घाबरली आहे, मी थांबू का इथे?"

मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी दिसलंताई पुन्हा मायक्रोस्कोपवर बसली आणि पुन्हा प्लेटलेटच दाखवली. मी कपाळाला हात लावला.

काही महिन्यांनी तिने स्वतःच काम सोडलं. आता घरोघर जाऊन तापाचे पेशंट शोधते. जाताना म्हणाली, "बेन, मला ठिपके नाही दिसत. माणसं दिसतात."

तिच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, चुकत नाही. परवा एक पॉझिटिव्ह रिपोर्ट तिने ड्रॉवरमध्ये ठेवला. "फोन लागत नाही, मॅडम," म्हणाली आणि डबा उघडला.

पत्ता घेऊन मी चपला घातल्या.