सुमनबाईंच्या पडवीतल्या घड्या

बालवाडीच्या शेजारी घर असलं की किस्से जमवावे लागत नाहीत, साचतात! एक मात्र मला अर्धाच मिळाला. दोन हजार तीन-चारची गोष्ट. आचऱ्याच्या स्टॉपवर एक मासेविक्रीण दुसरीला सांगत होती, "सुमनबाई पोरांकडसून कागदाच्यो पुड्यो करून घेता. त्यो दुकानार जातत, आणि दुकानदार तिका..."

एसटी आली. टोपल्यांसकट दोघी आत! उरलेलं मीच पुरं केलं, "...महिन्याचो किराणा भरता!"

सुमनबाई आमच्या भिंतीला भिंत. त्यांच्या पडवीतच बालवाडी, दहा-बारा पोरं. एकदा त्यांनी कागदाला एकच घडी घालून विचारलं, "ह्या काय झाला?" कोणी म्हणालं चोच, कोणी शीड. छोटी उजू खिडकीकडे बघत म्हणाली, "काकीचा नाक!"

खिडकीत मीच होते!

एकदा होड्या केल्या. पाग्याचा, म्हणजे जाळं टाकणाऱ्याचा, महेश तोंड वाकडं करून म्हणाला, "बाई, ही बुडतली!" त्यानं कागदाची गुंडाळी केली आणि दोन काड्यांनी होडीच्या कुशीला लावली. खऱ्या होडीला तोल सांभाळायला लाकडाची उलांडी असते ना, तशी! पाण्याच्या टपात बाकीच्या होड्या कलंडल्या, त्याची उभी. बाई म्हणाल्या, "उद्यापासून तू माका शिकव."

मग एक दिवस उजूच्या आईनं विचारलं, "बाई, एबीसीडी कधी?"

"आधी बोटां शिकांदेत."

मला राहवलं नाही. "बोटां शिकतत गो, पण दुकानाच्यो पुड्यो करूक!" आणि ती किराण्याची बातमीही सांगून टाकली. जमलेल्या आया हसल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

उजू आठवड्यात नर्सरीत गेली. तिच्यामागून बाकीची. दिवाळीनंतर पडवीत एकटा महेश. शेवटी बाई कुलूप लावून तळेऱ्याला भावाकडे गेल्या. जाताना मला तुळशीला पाणी घालायला सांगून गेल्या.

पुढे एकदा दुकानात शेंगदाणे घेताना मी विषय काढलाच. दुकानदार म्हणाला, "पुड्यो पोरांच्योच होत्यो. घडी चुकली की कागद फुकट जाव नये, म्हणान बाई तेची पुडी करून घेय. बदल्यात मी तिका खोक्यातले कोरे कागद देय होतंय. आणखी काय नाय."

शेंगदाणे तिथेच ठेवून मी उजूच्या आईकडे गेले. किराण्याचं सगळं खोटं होतं, सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं.

तिनं पदराला हात पुसले.

"खोटा होता, ह्या तुका कोणी सांगल्यान गो काकी? आधी खात्री तरी करून घे!"