शंभर टक्के होईपर्यंत

माझ्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली आणि एकतीस वर्षांत एकही रस्ता धड पाहिला नाही. हे माझं म्हणणं नाही, त्यांचंच. पाहायचं काय, तर पुढच्या गाडीचं मागचं चाक, बाजूला सुटणारी फट आणि आरशात दिसणारा नातेवाइकाचा चेहरा. "झाडं होती की नव्हती, कोण जाणे," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी कपाटाच्या तळाशी टाकलं. आजवर घड्याळाकडेच बघत आलो, आता पुरे, म्हणाले.

वर्षभरातच काचबिंदू निघाला, आणि तोही उशिरा. डॉक्टरीणबाई सरळ स्वभावाच्या होत्या. जे गेलंय ते परत येणार नाही, म्हणाल्या. थेंब घाला, वेळेवर घाला, पण अंधार कडेकडेने आत येत राहील. वर्ष, फार तर दीड वर्ष नीट दिसेल. बाबांनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हणजे दोन्ही बाजूंचे आरसे गेले. समोरची काच अजून शाबूत आहे." थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. मी घरीच शिवणकाम करते, कपडे उसवून बारीक-मोठे करून देते, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच असायचो.

गाडी चालवणं बंद झालं तसे ते सुकायला लागले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. ते पाहून माझ्या नवऱ्याने कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून जुना व्हिडिओ गेम आणला. मोटारींच्या शर्यतींचा. टीव्हीला जोडला, बाबांच्या हातात कंट्रोलर दिला आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. कल्पना नवऱ्याचीच होती, आणि चांगली होती. त्याचं जे चांगलं आहे ते आधीच सांगून टाकते, नंतर माझ्याच्याने सांगवणार नाही.

बाबांचा पहिला प्रश्न होता, "इंडिकेटर कुठला?"

"बाबा, शर्यतीत इंडिकेटर नसतो."

"मग मागच्याला कळणार कसं?"

म्हातारा शिंगं मोडून वासरांत शिरलाय, असं मी मशीनवर बसल्या बसल्या त्यांना चिडवायचे. पण ते वासरांसारखे खेळतच नव्हते. सुटायची खूण झाली की बाकीच्या अकरा गाड्या धूर सोडत पळायच्या आणि बाबा सगळ्यांना आधी जाऊ द्यायचे. मग सावकाश, आपली बाजू धरून निघायचे. एक जंगलातला रस्ता त्यांचा फार आवडता होता. त्यात एक लाकडी पूल होता. पुलावर ते गाडी चक्क थांबवायचे आणि खालचं पाणी बघत बसायचे. तोवर सगळे पोहोचायचे, पडद्यावर साठपासून उलटे आकडे सुरू व्हायचे, आणि आकडे संपले की बारावा नंबर. "परत बारावा," असं ते पहिला आल्याच्या थाटात सांगायचे. मागे कोणी झोपलेलं नाही, कोणी रडत नाही, कोणाला कुठे पोहोचायचं नाही. दुपारी दोन तास ते असे हिंडायचे आणि मग मला झाडांचे रंग सांगायचे. मी पँटींच्या चेनी बदलत ऐकायचे. त्या घरात मी सगळ्यात सुखात होते ती त्या दोन महिन्यांत.

आता नवऱ्याबद्दल. तो औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात तपासणीला आहे. दहा गोळ्यांच्या पाकिटात नऊ निघाल्या तर अख्खी पेटी परत पाठवणारा. खात्यात त्याला सगळे चेकर म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. कामावर ठीक आहे, तिथे हवाच असा माणूस. पण घरी भाजीची जुडी सोडली तरी तो काड्या मोजतो. अर्धवट राहिलेली गोष्ट त्याला सोसत नाही. सुरू केलेलं पुस्तक आवडो न आवडो, शेवटच्या पानापर्यंत वाचणार, आणि वाचून झाल्यावर काय वाचलं ते विचारायची सोय नाही.

एका संध्याकाळी तो बाबांच्या मागे उभा राहिला आणि पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाला, "बाबा, हे चार टक्के कसले?"

"असतील कसले तरी."

"दोन महिन्यांत चारच टक्के गेम झालाय तुमचा."

नेमकं तेव्हाच बाबांच्या तोंडून नको तो प्रश्न गेला. रस्त्यांच्या यादीत अगदी शेवटी एक करडं चित्र होतं, वर कुलूप. समुद्राकाठचा रस्ता. "हा कधी उघडतो रे?" त्यांनी सहज विचारलं. नवऱ्याने वाचून सांगितलं, सगळं शंभर टक्के झालं की उघडतो. बाबा म्हणाले, मग राहू दे. पण नवऱ्याने ते ऐकलंच नाही. त्याच्या चेहऱ्यावर तपासणीवाला माणूस आला होता. "मी उघडून देतो," म्हणाला. "दृष्टी आहे तोवर बघून घ्या समुद्र."

हे शब्द त्याचेच आहेत. मी त्यात एकही घातलेला नाही.

मग तो हात धुऊन त्या गेमच्या मागे लागला. कामावरून आला की बूट काढायचे आणि बसायचं. वहीत तक्ता आखला: कुठली शर्यत, कुठली गाडी, कितवा नंबर, काय राहिलं. एकच शर्यत चाळीस वेळा. तेच वळण, तोच ब्रेक, तीच शिवी. बाबा शेजारी बसून बघायचे. सुरुवातीला "अरे, जरा हळू घे" म्हणायचे, मग तेही थांबलं. मी एकदा विचारलं, "मजा येते का रे यात?"

"मजा कसली? संपवायचंय."

"अरे, हे खेळणं नाही, पाट्या टाकणं आहे. ते तर कारखान्यात करतोसच."

"बाबांसाठी करतोय," तो म्हणाला.

बाबांची दुपार मात्र अजून शाबूत होती. तीही गेली. गेममध्ये एक पदक होतं: सलग पन्नास शर्यतींत पहिल्या तिघांत यायचं आणि कुठेही गाडी घासायची नाही. नवरा एकतीसपर्यंत पोहोचला होता आणि बाबांनी दुपारी पुलावर उभं राहून नेहमीसारखा बारावा नंबर आणला. आकडा शून्यावर आला. नवरा रागावला नाही, समजुतीने बोलला. ती समजूत मला रागापेक्षा वाईट वाटली. "बाबा, तुमचं मी वेगळं खातं काढून देतो, त्यात हवं ते करा." काढून दिलं. नव्या खात्यात एक डबडा गाडी आणि गोदामांभोवतीचा एक गोल रस्ता. बाकी सगळ्याला कुलूप, जंगलालासुद्धा. बाबा तीन दिवस गोदामांभोवती फिरले. चौथ्या दिवशी म्हणाले, डोळे दुखतात.

मी त्यांना काय म्हणाले असेन? "थोडं थांबा बाबा, झालं की सगळंच उघडेल." मी म्हणाले हे. नवऱ्याला बोल लावताना हे गाळून चालणार नाही.

पुढे त्याहून नामी प्रकार. प्रत्येक गाडी हजार किलोमीटर चालली पाहिजे, अशी एक अट निघाली. गाड्या साठच्या वर. नवऱ्याने कुठूनतरी युक्ती शोधली: कंट्रोलरचं बटण रबरबँडने दाबून धरायचं, गाडी गोल मैदानात सोडायची, ती भिंतीला घासत घासत आपोआप फिरत राहते. सकाळी रबरबँड लावून तो कामावर जायचा आणि संध्याकाळी किलोमीटर वहीत उतरवायचा. दिवसभर आमच्या घरात टीव्हीवर एक रिकामी गाडी भिंतीला घासत फिरायची. पत्र्याचा तो खर्र आवाज मला पहिल्याच दिवशी असह्य झाला, मी आवाज बंद केला. बाबा तरी समोर बसायचे. दुसरीकडे बसायला जागा होती, पण ते तिथेच बसायचे.

"हिला चालवतंय कोण?" त्यांनी एकदा विचारलं.

"कोणी नाही."

"आणि बघतंय कोण?"

मी मशीनचं चाक फिरवत राहिले.

एका दुपारी मी कपडे पोचवून आले तर बाबांनी रबरबँड काढून ठेवलं होतं आणि गाडी भिंतीपासून सोडवून मैदानाच्या मधोमध आणली होती. पडद्याला नाक लावून, मान एकदा इकडे एकदा तिकडे करत ते चालवत होते. मला म्हणाले, "किती घासली होती बिचारी." संध्याकाळी नवऱ्याने वही उघडली. दिवसाला जितके किलोमीटर यायला हवे होते त्यातले निम्मेही नव्हते.

"बाबा, एकच सांगितलं होतं तुम्हाला. हात लावू नका. एवढंही जमत नाही?"

एकतीस वर्षं ज्याच्या हातात गाडी देऊन लोकांनी आपली माणसं मागे झोपवली, त्याला हे ऐकावं लागलं, तेही पोटच्या पोराकडून. बाबांनी हात मांडीवर घेतले. "चुकलं माझं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी कंट्रोलरला हात लावला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या तोंडातून ब्र निघाला नाही. घरात वाद नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वाद झालाच नाही. झाला असता तर बरं झालं असतं.

दर तीन महिन्यांनी मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे न्यायचे. त्या एक कागद द्यायच्या, त्यावर दोन गोल असायचे, दोन डोळ्यांचे, आणि गोलांत काळं भरत चाललेलं. कागद घरी आणला की नवरा त्याला भोकं पाडून तारखेच्या क्रमाने फाइलला लावायचा. एकही कागद मागे-पुढे नाही. मी म्हणायचे, नीट बघ तरी, काळं किती झालंय. तो म्हणायचा, "म्हणूनच घाई करतोय ना. गेमचे ब्याऐंशी टक्के झाले." मग एक्याण्णव झाले. बाबा कप ठेवताना टेबलाची कड हाताने शोधायला लागले, चपला पायाने चाचपायला लागले. मला दिसत होतं. आपल्याला कोणी हात धरून न्यावं हे त्यांना आवडायचं नाही, म्हणून मी फक्त वाटेतली स्टुलं हलवायचे. नवऱ्यासमोर ते कमी हलायचे, एका जागी बसून राहायचे. तो पडद्याकडे बघत असायचा, त्यामुळे फारसं लपवावंही लागत नव्हतं.

चौदा महिने लागले. एका रविवारी सकाळी नवरा ओरडला, "झाले. शंभर." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, ओझं उतरवल्याचा सुस्कारा होता. बाबांना हाताला धरून त्याने खुर्चीत बसवलं, खुर्ची टीव्हीसमोर ओढली, कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. "बाबा, समुद्र. मी काही करणार नाही, तुम्हीच चालवायचं." कंट्रोलरचे सेल संपत आले होते. नवे आणायला तो आतल्या खोलीत गेला.

पडद्यावर अजून रस्ता आला नव्हता. गेम पूर्ण झाल्याबद्दल तो बनवणाऱ्यांच्या नावांची यादी सरकत होती, काळ्यावर पांढरी अक्षरं, खालून वर. मागे संथ संगीत आणि कसलीशी लाटांची गाज.

बाबा त्या यादीकडे बघून हसले. "छान आहे गं रस्ता," मला म्हणाले. "समुद्र बरा उजव्या हाताला ठेवलाय. चालवणाऱ्याला दिसतो."

मी वर पाहिलं. नवरा मुठीत सेल घेऊन दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं. त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग बाबांच्या डोळ्यांकडे, आणि मला वाटतं चौदा महिन्यांत पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात नावं संपली आणि रस्ता उघडला. निळं पाणी, पांढरे कठडे, वर मोकळं आभाळ. समुद्र डाव्या हाताला होता.

"हो बाबा," नवरा म्हणाला. "उजव्याच हाताला."

"छान केलंस. बघून झालं माझं." बाबांनी कंट्रोलर त्याच्या दिशेने पुढे केला, पण तो उभा होता त्याच्या हातभर बाजूला. "आता बंद कर. दिवसभर चालू असतो उगाच."

नवऱ्याने तो घेतला. मला वाटलं, आता हा रडेल, आणि रडला तर मी त्याला माफ करीन. त्याने सेल बदलले. मग बंद करण्याआधी यादी उघडून शंभर टक्के नीट नोंदले गेलेत की नाही ते तपासलं, आणि मग बंद केलं.