मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

रशीदभाई गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. सुप्याहून शाळेला निघाले होते, केडगावात एसटीच्या खिडकीतून दिसलं. मित्रमंडळानं लावलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स, त्यावर रशीदभाई, अंगात निळा कोट. या माणसानं जन्मात कोट घातला नव्हता. कोट त्याच्याच फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमधला. गावोगावच्या किती म्हाताऱ्यांना मेल्यावर त्यानं तो चढवला असेल... आता त्याच्या ऑपरेटरनं त्यालाच चढवला.

तो आमच्या देवळाली प्रवऱ्याचा, माझ्या दादाचा वर्गमित्र. बरीच वर्षं एका दैनिकाचा फोटोग्राफर होता. उसात बिबट्या सापडला की बाकीचे बिबट्याचा फोटो काढायचे, हा पिंजऱ्याला चिकटलेल्या माणसांचा. "अरे, बिबट्या कुठाय?" म्हणून ऑफिसात ओरडा खायचा. पण काढलेल्या फोटोला हात लावायचा नाही, हा त्याचा हट्ट. मी बी.ए. झाले तेव्हा पदवीदानाच्या बातमीला तोच आला होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. त्यानं आईला माझ्याशेजारी उभं केलं. आई म्हणाली, "मला कशाला रं त्यात? पोरीचा काढ." "काकी, पोरगी काय आभाळातून पडली व्हय?" आई खळखळून हसली, उन्हानं तिचे डोळे मिटले आणि यानं बटण दाबलं. दुसरा काढलाच नाही. म्हणाला, "काकी हसली, झालं काम."

पुढे दैनिकानं नगरचं ऑफिस बंद केलं. रशीदभाईनं केडगावला दुकान टाकलं. लग्नं, वाढदिवसाचे फ्लेक्स, मयतांच्या फ्रेमा. दोन वर्षं हे करायचं, मग आपले जुने फोटो स्वतः छापून प्रदर्शन भरवायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी चांगला प्रिंटर आणला, जाड सुती कागद आणला. प्रिंटर लग्नाच्या अल्बमला जुंपला गेला. विचारलं की म्हणायचा, "एवढा सीझन जाऊ दे." सीझन काही जात नव्हता.

आई गेली तेव्हा दादानं भिंतीसाठी तोच पदवीदानाचा फोटो त्याला दिला. आईचा दुसरा बरा फोटोच नव्हता. दहाव्याला मी फ्रेम पाहिली आणि दचकले. आईचे डोळे उघडे होते, पण ते आईचे नव्हते. मावशीचे होते, तिच्या फोटोतून उचलून बसवलेले! मावशी त्याच फ्रेमखाली बसून रडत होती. "दादा, ही आई नाही. ही मावशी बघतीय." दादा दबक्या आवाजात म्हणाला, "गप बस, माणसं बसलीत." रशीदभाईला मी अंगणात गाठलं.

"ताई, मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीला कुणी लावत न्हाई."

"तू लावला असतास."

"माझी भिंत हाय का ती?"

त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी नजर चुकवून बोलायचा. मग गेल्या दिवाळीनंतर दुकानात बोलावलं. गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ चोरून त्यानं तो फोटो त्या सुती कागदावर छापला होता. काळापांढरा. आई हसतेय, डोळे मिटलेले, कपाळावर ऊन. "ह्यात काय केलं न्हाई. नुसतं छापलंय." मला रडू आलं. तरी मी तो तिथंच ठेवला, घरी विचारते म्हणाले. नवरा म्हणाला, मिटलेले डोळे घरात नकोत. दादा म्हणाला, आईचा आहे की एक. आणि वर्गात मुलींना 'स्वतःचं स्वतः ठरवा' म्हणून सांगणारी मी गप्प बसले. रशीदभाईचा दोनदा फोन आला, "कधी नेतीस?" मी म्हटलं, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, पेपर तपासायचे होते... आणि मग तो फ्लेक्स दिसला.

पंधरा दिवसांनी मी रशीदभाईच्या घरी गेले. भाभींनी पुठ्ठ्यात बांधलेला फोटो हातात दिला. "तुमचं नाव लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते."

घरी येऊन उलटा केला. मागं पेन्सिलीनं, वर्तमानपत्राला देताना लिहायचा तसं लिहिलेलं : 'पदवीदान समारंभात मुलीसह आई. उन्हामुळे डोळे मिटलेले. छायाचित्र : रशीद.' इतक्या वर्षांत दुकानातून गेलेल्या एकाही कामावर त्याचं नाव मी पाहिलं नव्हतं.

तो फोटो माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आडवा ठेवलाय. घरात कुणी नसलं की काढते. आधी मागचं वाचते, मग आईकडे बघते. खिळा अजून ठोकलेला नाही.