नांगे

आमच्या तीर्थपुरीकडं कपाशी लावली की सगळीच सरकी उगवत न्हाई. तासात, म्हणजे ओळीत, मधीमधी जागा रिकाम्या राहतात, त्याला नांगे म्हणतात. माझी बायको लागवडीच्या दिवशीच लहान पिशव्यांत माती भरून जादा सरकी लावून ठेवायची. नांगा दिसला की पिशवीतलं रोप तिथं. आमच्या रानात नांगा राहिला न्हाई कधी.

मागच्या साली तिला दम लागायला लागला. खुरपायला बसली की उठता येईना. जालन्यात रक्त चढवलं. थोडे दिवस बरं, मंग पुन्हा पांढरीफटक. शेवटी औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात गेल्तो. तिथं कंबरेच्या हाडातला गर काढून तपासायला धाडला.

डॉक्टरीणबाई आमच्या नातीएवढी. तिनं कागदावर रेघा काढल्या. "बाबा, रक्त हाडातल्या गरात तयार होतं. तिथल्या पेशीत असे धागे असतात, गुणसूत्रं म्हणतात त्यांना. आजींच्या एका धाग्याचा तुकडा गायब आहे. तेवढाच गेला असेल तर गोळीवर बरीच वर्षं निघतात. आणखी गेलेत का, ते दुसऱ्या रिपोर्टात कळेल."

बसमधी मी बायकोला म्हणलो, "नांगाच हाय. भरून काढू."

"तुम्हाला सगळीकडं कपाशीच दिसती," ती म्हणाली. पण हसली. गावात मी सांगून मोकळा झालो, की गोळीचा आजार हाय.

दुसऱ्या रिपोर्टात बरेच तुकडे गेलेले निघाले. गोळी लागू पडणार न्हाई, पुढं रक्ताचा कॅन्सर होणार, असं बाई म्हणाली. मी म्हणलो, "हिची बहीण मंठ्याला असती, धडधाकट हाय. तिच्यातला तुकडा काढून हिच्यात घाला."

बाई हसली न्हाई. "तुकडा बसवता येत नाही, बाबा. बहिणीचा गर द्यायचा तर आधी आजींचा सगळा औषधानं मारावा लागतो. त्यांचं हृदय अशक्त आहे. सोसणार नाही."

बायको उठली. "चला मंग, बस जाईल." बाहेर आल्यावर म्हणाली, "नांगा रानात असतो. हितं सरकीच खोटी निघाली. भरता काय तिच्यात?"

यंदा लागवडीच्या दिवशी ती लिंबाखाली बसून पिशव्या भरत होती.

"कशाला करून राह्यली? पड की जरा."

"नांगे माझ्यासाठी थांबतेत का?"

कपाशी वर आली अन् ती गेली. तेराव्याला लोक म्हणत होते, सुटली बिचारी. मी म्हणलो, सुटायचंच होतं तर दवाखान्यात कशाला गेल्तो आम्ही?

रानात नांगे तसेच हायेत. पिशव्या लिंबाखाली हायेत. रोपं वीतभर झाली, मुळ्या पिशवी फाडून बाहेर आल्या. मी लावली न्हाईत. लावून काय व्हायचं? पाणीबी घालत न्हाई. पावसाच्या पाण्यावर मेली जगून राह्यलीत.