बुवांची जखम

माझे यजमान शनिवार पेठेत वैद्यकी करत. शनिवारवाड्यावर तेव्हा पेशव्यांचं निशाण होतं. उतारवयात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. नाडी बोटांना कळायची, पण स्वतःचीच टिपणं दिसेनात. कोण आलं, काय होतंय, काय दिलं, हे ते रोज मोडीत लिहून ठेवत आले होते. मला माहेरी अक्षरओळख झाली होती. मोडी त्यांनी ओसरीवर बसवून शिकवली. सासूबाई म्हणाल्या, "आता काय, फडणिशी करायची आहे वाटतं?" पण माझ्या वाटचे तांदूळ त्याच निवडून ठेवायच्या.

त्या भादव्यात शेजारचे कीर्तनकार बुवा लंगडत आले. खडावा घासून अंगठ्यापाशी झालेली जखम काही केल्या भरत नव्हती.

"दुखते का?" यजमानांनी विचारलं.

"तेवढं एक बरं आहे, अजिबात दुखत नाही."

ते ऐकून यजमान सावरून बसले. मला म्हणाले, "बुवांचं मागचं सगळं काढ."

टिपणं होती दिवसाच्या क्रमानं. बुवांच्या ओळी कुणाच्या खोकल्यात, कुणाच्या हिवतापात विखुरलेल्या. मी त्या वेचून एका कागदावर उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी बुवांसमोर वाचल्या. चैत्रात तहान फार, घशाला कोरड. वाळ्याचं पाणी दिलं. ज्येष्ठात पाठीवर गळू, लेप दिला. श्रावणात पाय बधिर, तेल दिलं.

"पुन्हा वाच," यजमान म्हणाले. मी वाचलं. ते हळूच म्हणाले, "मी दर वेळी वेगळा आजार समजत होतो. ही सगळी एकाच घरची माणसं आहेत." मग बुवांना विचारलं, "लघवीला फार उठावं लागतं? तिथे मुंग्या लागतात?"

बुवा संकोचले. "लागतात खऱ्या. मला वाटलं, सून गूळ सांडते."

"सुनेला सोडा. मधुमेह आहे."

"म्हणजे पुरणपोळी?"

"कीर्तनात सांगायची. खायची नाही."

बुवा रागावून गेले. संध्याकाळी त्यांची बायको मागच्या दारानं माझ्याकडे आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "राहतील ना हो?" मी तिला बसवलं. यजमानांनी आतूनच सांगितलं, "हा आजार जात नाही, वहिनी. पण नीट सांभाळला तर माणूसही लगेच जात नाही."

मग तिनं कंबर कसली. जवाची भाकरी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, आणि रोज कडुनिंबाच्या काढ्यानं पाय धुणं. बुवा कुरकुरायचे, पण पाय पुढे करायचे. दिवाळीच्या सुमाराला जखम सुकली. अंगठ्याचा बधिरपणा गेला नाही, म्हणून ती रोज त्यांचे तळवे बघायची. त्यानंतर कितीतरी वर्षं बुवा कीर्तनाला उभे राहिले.

मी मात्र कामाला लागले. एकेका माणसाच्या ओळी वेगळ्या कागदांवर उतरवून ते कागद दोऱ्यात ओवले. कुणी उंबऱ्यात खाकरलं की यजमान म्हणायचे, "यांचं काढ," आणि डोळे मिटून ऐकायचे. लिहिताना आणि वाचताना आमचं जेवढं बोलणं झालं, तेवढं सगळ्या संसारात झालं नव्हतं.

आमच्याकडे प्रत्येकाचं टिपण वेगळं आहे, ही बातमी पेठेत पसरलीच. एक बाई नणंदेच्या टिपणात काय लिहिलंय ते विचारायला आली. मी काही बोलायच्या आत यजमान म्हणाले, "बाई, आम्ही औषध लिहून ठेवतो. चहाडीला आपण दुसरं घर बघा."