डोळ्याभोवतीचं पिवळं कडं

पक्षी दिसला म्हणून काका कधी खूश व्हायचे नाहीत. आधी शंका घ्यायचे. हूफडॉर्प या डच गावातल्या एका ऑफिसात ते सॉफ्टवेअर तपासायचे, म्हणून आम्ही त्यांना टेस्टरकाका म्हणायचो. रविवारी गावाबाहेरच्या कुरणाशी सायकल आडवी टाकून, बोचऱ्या वाऱ्यात दुर्बिणीतून रानहंस तपासत बसायचे. वहीत तीनच रकाने: पास, फेल, तपासलं नाही. तिसरा सगळ्यात भरलेला.

"कपाळ पांढरं दिसलं की लगेच नाचू नकोस गं," मला म्हणायचे. "इथे ते नेहमीचे हंस ढिगाने येतात, त्यांचंही कपाळ पांढरंच. दुर्मिळ तो लहान हंस. त्याची चोच आखूड, पांढरं पार डोक्यावर चढलेलं. आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. ते दिसेपर्यंत गप्प बसायचं."

गप्प बसणं मला जमत नाही. त्या कुरणावर गोदाम येणार होतं. कुरण वाचवू पाहणाऱ्या आमच्या गटाचा विरोध होता. पत्रकं मी लिहायचे. संरक्षित लहान हंस तिथे उतरतो हे सिद्ध झालं, तर काम थांबू शकलं असतं. मी काकांचाच एक फोटो त्यांना न विचारता छापला आणि खाली ठोकून दिलं: 'हाच तो!'

काकांनी पत्रक नाकाजवळ धरलं. "चोच बघ, केवढी लांब. डोळा तर गवतात लपलेला. हा नेहमीचाच."

"कोण बघतंय डोळा, काका? गोदामवाले खोटं बोलतात ते चालतं?"

"त्यांचं टेस्टिंग माझ्याकडे नाही. तुझं आहे."

खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सुनावणीत गोदामाच्या वकिलाने तोच फोटो पडद्यावर लावला. फोटो कुणी काढला, विचारलं. काका उठले. तुटक्या डचमध्ये म्हणाले, हा नेहमीचाच हंस. मला लहान हंस दिसलेला नाही. पण अर्धं कुरण मी तपासलेलंच नाही, ते आधी तपासा. हे शेवटचं कुणी लिहूनही घेतलं नाही. गोदामाला परवानगी मिळाली.

मी काकांशी बोलणं टाकलं. त्यांची नोकरी गेली, ते पुण्याला परतले, तेव्हा मी निरोपालाही गेले नाही. मार्चमध्ये काकूंचा मेसेज आला, काका गेले. मी तो ट्राममध्ये वाचला आणि माझ्या स्टॉपवर उतरले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

गोदामवाल्यांचा राग आहे, तो राहील. पण कुरण काकांनी घालवलं नाही. त्या फोटोनंतर आमचं खरंही कुणी ऐकणार नव्हतं, आणि फोटो मी छापला होता. काकूंना हे कळवायला हवं. 'काकू,' एवढं लिहून होतं. पुढे बोट हलत नाही.