वाकड्या शेपटीची

खाटकाची पोर, आणि एवढ्या नावाजलेल्या विद्यापीठात मॉलिक्युलर बायोलॉजी करते! पहिल्याच दिवशी लॅबमध्ये उंदीर मारायचा होता. सगळे मागे सरले. हिने मान चिमटीत दाबली, शेपटीला हिसका दिला. कट्. संपलं. नाव पडलं, कसाईबाई.

मग काय, ज्याला त्याला हीच सापडायची. "तुझा हात हलका आहे गं," असं लाडीगोडी लावून पिंजरा हिच्या टेबलावर. नाही म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं.

तिचे स्वतःचे उंदीर मात्र म्हातारे व्हायचे होते. तीन वर्षांची सगळी पीएचडी त्या म्हातारपणावर टांगलेली. जागा कमी, म्हणून ते लॅबमधल्या एका सिनियरच्या उंदरांबरोबर एकाच पिंजऱ्यात. ओळखायला सिनियरनेच कान टोचलेले, त्याच्या उंदरांचा एक, हिच्यांचा दुसरा.

"उजव्या कानाला भोक ते माझे," तो म्हणाला. "उडव सगळे."

कट्. कट्. सहा झाले. सातवी उंदरीण हातात आली. शेपटी वाकडी! आईनेच चावलेलं ते पिल्लू हिने ड्रॉपरने दूध पाजून जगवलं होतं. कान बघितला. भोक उजवीकडेच.

"टोचताना उंदीर कसा धरलेलास?"

"उताणा. तोंड माझ्याकडे."

"अरे गाढवा, म्हणजे तुझा उजवा तो त्याचा डावा! मी मागून धरते! माझे मारले मी, माझे!"

"मग आधी विचारायचंस ना," तो म्हणाला. आणि हसला.

तिने सातवी जिवंतच एका जाळीच्या डब्यात टाकली आणि स्टीलचा ट्रे त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. तो खाली पडला तर छातीवर बसून हाणला. दात ओठात घुसला, रक्त फरशीवर, हिच्या बाहीवर. लॅबमधल्या दोघांनी तिला ओढून काढलं तेव्हा मुठीत त्याचे केस होते.

सर धावत आले. "वेड लागलंय का? उंदीर परत वाढतील, ह्याचं नाक कुठून आणू?"

"माझी तीन वर्षं कुठून आणताय?"

सरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "त्याचे उंदीर आजच मारायला हवेत."

"त्यालाच करू दे."

डबा उचलून ती दारापर्यंत गेली. मागे किंकाळी उठली. बारीक, लांबच लांब. सिनियरने भलतीकडेच दाबलं होतं; उंदीर मागचे पाय फरफटत टेबलावर गोल गोल फिरत होता आणि हा नुसता बघत होता.

एकदा दुकानात भावाने बकरं अर्धवट कापून ठेवलं होतं. बापाने त्याला भर गिऱ्हाइकांत थोबाडलं होतं. "भडव्या, त्या जनावराने तुझं काय घोडं मारलंय?"

ती परत फिरली. वाकड्या शेपटीचा डबा आधी भिंतीकडे वळवून ठेवला. सिनियरला कोपराने बाजूला सारलं.

कट्.

"बाकीचे आण," ती म्हणाली. "आणि नाक पूस. रक्ताच्या वासाने घाबरतात ते."